एकेरी दोरावरची चढाई: रोप-वॉकर मांडणी कुठवर आली

झाडावर चढायची दुहेरी दोराची मांडणी आता बाजूला ठेवली आहे. तिच्या जागी रोप-वॉकर, म्हणजे एकेरी दोरावर एकेक पाय आळीपाळीने टाकत चढायची मांडणी. दोर फांदीवरून फिरून परत कमरेला येतो, तेव्हा 15 मीटर चढायला 30 मीटर दोर ओढावा लागतो. वजन निम्मंच उचलावं लागतं हे खरं, पण सालीवरचं घर्षण त्यातला बराच फायदा खाऊन टाकतं आणि सगळा भार दंडांवर येतो. एकेरी दोर जागचा हलत नाही, आपण त्यावरून चढतो आणि काम मांड्यांकडे जातं. एका पावलाला 30 सेंटीमीटर धरले तरी 15 मीटरला 50 पावलं होतात.

मधला टप्पा फ्रॉगचा होता: छातीवर एक असेंडर (दोरावर वर सरकणारी, पण खाली न घसरणारी पकड), हातात जुमार (हाताने सरकवायचा असेंडर) आणि जुमारला दोन्ही पायांसाठी एक पट्टा. गुडघे पोटाशी घ्यायचे, जुमार वर सारायचा, उभं राहायचं. सामान कमी लागतं आणि शिकायलाही सोपं. पण खाली यायचं म्हटलं की लटकत्या स्थितीत छातीचा असेंडर काढून डिसेंडर (उतरायचं उपकरण) चढवावा लागतो. सरळसोट बुंध्यावर हे चालतं. फांद्यांमध्ये सारखं वर-खाली करायचं असेल, तर प्रत्येक अदलाबदलीत चूक व्हायला जागा राहते. म्हणून चढताना आणि उतरताना एकच उपकरण हवं होतं.

त्यासाठी हिच (दोराभोवती वेढे घालून बांधलेली, वजन आलं की आवळणारी गाठ) आणि रोप रेंच (दोरावर बसून घर्षण वाढवणारं उपकरण) ही जोडी घेतली. दुहेरी दोरावर हिचवर वजनाचा साधारण अर्धाच भाग येतो. एकेरीवर पूर्ण वजन आलं की नुसती हिच इतकी आवळते की सुटत नाही, आणि जोर लावून सोडवली तर एकदम घसरते. त्या घसरणीच्या उष्णतेने दोराचं आवरण चकाकून कडक होतं. केविन बिंगहॅम यांनी बनवलेला रेंच हिचच्या वर दोराला बाक देतो, तिथल्या घर्षणात भाराचा वाटा जातो आणि हिच बोटांनी सुटते. नुसता रेंच मात्र वजन धरत नाही. धरते ती हिचच.

सध्याची हिच: 11.7 मिलीमीटर दोरावर 8 मिलीमीटरची, उष्णता सोसणारी अरामिड आवरणाची दोरी, दोन्ही टोकांना शिवलेले डोळे (पक्के फासे), लांबी 80 सेंटीमीटर. गाठ व्हीटी नावाची, वर 4 वेढे आणि खाली 3 वेण्या. नवा दोर गुळगुळीत असतो, तेव्हा एक वेढा वाढवावा लागतो. भिजलेला दोर फुगतो आणि तीच गाठ घट्ट बसते. त्यामुळे दर वेळी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर बसून हिच पाच-सहा वेळा सोडून-धरून बघायची. आधी धरली पाहिजे, मग सुटली पाहिजे, याच क्रमाने.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रेंचच्या टेथरवर, म्हणजे रेंचला खालच्या जोडणीशी बांधणाऱ्या दुव्यावर. टेथर आखूड असला तर हिच ताणली जाण्याआधीच रेंच भार घेतो, हिच ढिली राहते आणि माणूस सरकतो. लांब असला तर रेंच वाकतच नाही आणि हिच पुन्हा आवळते. टेथर ताठ हवा, मऊ पट्टी असेल तर रेंच कलंडतो.

पायांची बाजू: उजव्या बुटाला फूट असेंडर, डाव्या पायाला नी असेंडर. या दोन्हींवर जीव टांगायचा नसतो, ती फक्त पायरी आहे. नी असेंडर 5 मिलीमीटरच्या बंजीने (लवचीक दोरीने) खांद्यावरच्या लहान पुलीतून वर ओढला जातो. बंजी ढिली असेल तर गुडघा वर येतो पण असेंडर मागे राहतो. फार घट्ट केली तर पाऊल रिकाबीतून (असेंडरखालच्या पावलाच्या पट्ट्यातून) निसटतं. रिकाबीला घोट्यामागून रबर लावल्यावर हा त्रास थांबला.

पहिले चार-पाच मीटर नेहमी रडवतात. खालच्या दोराला वजनच नसतं, म्हणून पाय उचलला की दोरही सोबत उचलला जातो. शेपटाला 350 ग्रॅमची थ्रोबॅग (फांदीवर दोर फेकायची वजनाची पिशवी) बांधली की प्रश्न मिटतो, आणि पुढे दोराचं स्वतःचं वजन पुरतं. फूट असेंडरमधून दोर निसटत असेल, तर पाय बाहेर किंवा मागे फेकला जातोय हे नक्की. टाच ढुंगणाखालून सरळ वर आली पाहिजे.

हिच आपोआप वर सरकावी म्हणून तिच्याखाली लहान पुली आणि पुलीपासून गळ्यातल्या पट्ट्यापर्यंत लवचीक दोरी आहे. हे नीट जमलं तरच हात फक्त तोल सांभाळायला उरतात. जमलं नाही, तर दर पावलाला ढील हाताने काढावी लागते आणि लय तुटते. दातांचा जुमार हिचच्या वर आधार म्हणून असतो. त्याच्या वरच्या दोरात ढील कधीच ठेवायची नाही, झटका बसला तर दात दोराचं आवरण फाडतात.

अँकर, म्हणजे दोराचं बांधलेलं टोक, बुंध्याशी आहे. 20 मीटरवरच्या बेचक्यासाठी 20 वर, 20 खाली आणि माणसाला जमिनीवरून उतरवता यावं म्हणून डिसेंडरमागे आणखी 20, असा 60 मीटर दोर. या मांडणीत बेचक्यावर वजनाच्या दुपटीपर्यंत भार येतो. त्यामुळे जिवंत, बुंध्याजवळ मनगटापेक्षा बरीच जाड फांदी, तिच्याखाली दोर अडेल अशी दुसरी भक्कम फांदी, आणि चढण्याआधी दोघांनी मिळून हळूहळू वजन टाकून बघणं, यात सूट नाही. शिवाय ताणला जातो तो पूर्ण 40 मीटर दोर. 3 टक्के ताण धरला तरी सव्वा मीटरभर खाली-वर झोका, म्हणून सुरुवातीची पावलं जागच्या जागी पडतात. वर पोचल्यावर रनिंग बोलाइनने (सरकत्या फासाच्या गाठीने) अँकर फांदीवरच घेतला की झोका जवळजवळ निम्मा होतो.

फांदीखाली अर्धा मीटर राखून थांबायचं. रेंच सालीला टेकला की हिच सोडायला जागाच उरत नाही. पुढचा बदल नी असेंडरच्या बंजीत: 5 ऐवजी 6 मिलीमीटर, आणि पुली खांद्यावरून छातीच्या मधोमध.