बाण काढले आणि बोलायला लागले : रेडिओलॉजी शिकवण्याचा माझा अनुभव

मी सोलापुरात रेसिडेंट डॉक्टरांना रेडिओलॉजी शिकवते. पूर्वी माझ्या स्लाइडवर सीटीचं एक चित्र, त्यावर पिवळा बाण आणि खाली निदान असायचं. पण रात्रीच्या ड्युटीला अख्खा स्कॅन समोर येतो तेव्हा बाण कुठला? नजर कुठून कुठे न्यायची हे स्थिर चित्रातून शिकवता येईना, म्हणून त्याच केसेस आवाजासह व्हिडिओत करायला घेतल्या.

सुरुवात डोक्याच्या सीटीपासून केली. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर स्क्रीन रेकॉर्ड करतं. मी डायकॉम व्ह्यूअरमध्ये, म्हणजे स्कॅनच्या फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्लाइस (स्कॅनचे एकामागून एक काप) सरकवत बोलत जाते. विंडो म्हणजे करड्या छटा किती पट्ट्यात दाखवायच्या ती सेटिंग; विड्थ ही पट्ट्याची रुंदी, लेव्हल हा त्याचा मध्य. कवटीलगतचा पातळ सबड्युरल (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालचा) रक्तस्राव नेहमीच्या ब्रेन विंडोत, म्हणजे विड्थ ८० आणि लेव्हल ४० ला, हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातो. विड्थ २०० च्या आसपास नेली की रक्त हाडापासून सुटं दिसतं. पुस्तकात हे एका वाक्यात असतं. माऊस ओढताना मात्र ती पांढरी कड डोळ्यांदेखत दोन भागांत वेगळी होते, आणि हे पाहिलेला विद्यार्थी पुढच्या स्कॅनला आपण होऊन विंडो बदलतो. बदलण्याआधी मी "काय दिसतंय?" असं विचारून थोडा वेळ गप्प बसते. ही शांतता एडिटिंगमध्ये कापू देत नाही.

आवाजाला मेहनत पडली. रिकामी खोली घुमायची. भिंतीला आणि टेबलावर सोलापुरी चादरी लावल्या, घुमणं बरंच थांबलं. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डिंग पहाटेच. बोलते मराठीत, संज्ञा इंग्रजीच ठेवते. पडद्यावरचा मजकूर जवळजवळ काढून टाकला, कारण जे ऐकतोय तेच वाचायलाही लावलं तर चित्र बघायला डोळे उरत नाहीत. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतून दाखवलं आहे.

रुग्णाची ओळख झाकणं सर्वांत आधी. डायकॉमच्या टॅगमधलं (फाइलसोबतच्या माहितीतलं) नाव सहज पुसता येतं; सोनोग्राफीत ते बहुतेकदा चित्रातच छापलेलं असतं, ती पट्टीच कापावी लागते. गर्भाच्या क्लिपमध्ये लिंग कळेल असा भाग मी घेतच नाही. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा शिकवतानाही डोक्यात असलाच पाहिजे. फाइल मोबाईलवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि फुप्फुसातली फिकट ग्राउंड-ग्लास (दुधी काचेसारखी) सावली पुसट होते.

सध्या छातीच्या सोनोग्राफीवर काम चालू आहे. निरोगी फुप्फुसाचं आवरण श्वासाबरोबर सरकतं, न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठली की, ते सरकणं दिसत नाही. बी-मोडच्या, म्हणजे नेहमीच्या करड्या सोनोग्राफीच्या, स्थिर चित्रात दोन्ही सारखेच वाटू शकतात. म्हणून दोन्ही क्लिप शेजारी-शेजारी लावून, आधी आवाजाशिवाय आणि मग आवाजासह दाखवणार आहे.