तुम्ही विचारलंत म्हणून: गेमिंग पीसीला साउंड कार्ड कुठलं घेऊ?

दिवाळीचा बोनस जमा झाला की आठ-दहा दिवसांत मला हा फोन येतोच. कधी ऑफिसातला कुणी, कधी भाच्याचा मित्र. "दादा, पीसी बनवतोय, ग्राफिक कार्ड झालं, रॅम झाली, आता साउंड कार्ड कुठलं टाकू?" म्हणजे आवाजासाठी पीसीत बसवायचं वेगळं कार्ड. मग मी अर्धा तास बोलत बसतो, भाजी गार होते, आणि बायको म्हणते की एकदाच लिहून ठेव की रे, म्हणजे पाठवून देता येईल. तर हे घ्या.

माझा पहिला प्रश्न उलटा असतो. आत्ता त्रास नेमका कसला होतोय? बहुतेकांकडे याला उत्तर नसतं. त्रास काही नसतो, फक्त गेमिंगचं मशीन आहे तर साउंड कार्ड हवंच असं कुठेतरी डोक्यात बसलेलं असतं. ते का बसलंय हे मला माहितीये, कारण माझ्याही डोक्यात बसलं होतं आणि त्यात माझे सात हजार गेले.

एक काळ होता तेव्हा कार्ड खरंच लागायचं. पीसीला मुळात आवाजच नव्हता, कॅबिनेटमधला तो टुंई करणारा छोटा स्पीकर सोडला तर. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब आलं, १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर आलं, दोन्ही साउंड कार्डंच, आणि मग डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर, गेम टाकला की तो विचारायचा, पोर्ट २२० का, आयआरक्यू ५ का ७, डीएमए १ का? चुकलं की गेम मुका. आमच्या पिढीतल्या अर्ध्या पोरांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ होते, अर्थ एकालाही माहीत नव्हता.

पुढे खरी मजा आली ती १९९८ च्या आसपास. ऑरियल नावाच्या कंपनीचं एथ्रीडी आणि क्रिएटिव्हचं ईएएक्स, दोघांची जुंपली होती. आवाज भिंतीवर आपटून कसा येईल, खोली दगडी आहे का लाकडी, हा हिशोब कार्डावरची चिप करायची. नाशिकला आमच्या कॅफेत एकाच मशीनमध्ये साउंड ब्लास्टर लाइव्ह होतं आणि काउंटर-स्ट्राइक खेळायला त्या मशीनसाठी रांग लागायची, तासाला पाच रुपये जास्त देऊन. ऑरियल कोर्टात क्रिएटिव्हविरुद्ध जिंकली आणि त्या खर्चातच बुडाली, मग २००० मध्ये क्रिएटिव्हनेच तिचं जे उरलं होतं ते विकत घेतलं. असो. मग २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि मायक्रोसॉफ्टने गेमला थेट कार्डाच्या हार्डवेअरशी बोलण्याचा तो डायरेक्टसाउंडचा रस्ताच काढून टाकला. म्हणजे तेव्हापासून हा सगळा हिशोब तुमचा प्रोसेसर करतो, गेम आधी सगळं मिसळून घेतो आणि तयार झालेला आवाज बाहेर सोडतो, कार्डाचं काम फक्त त्या आकड्यांची वीज करून हेडफोनला देणं. एवढंच. कार्डाने एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढतात असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

आणि आकड्यांची वीज करायचं ते काम मदरबोर्डवरची चिप आता बऱ्यापैकी करते. मधल्या रेंजच्या बोर्डावर रिअलटेकची एएलसी १२२० असेल तर कागदावर १२० डेसिबल एसएनआर, म्हणजे खरा आवाज खरखरीच्या किती वर आहे तो आकडा, लिहिलेला असतो, सीडीचा १६ बिटचा आवाज ९६ डेसिबलला संपतो. कागदावरचं सगळं कानापर्यंत पोचत नाही हे मान्य, पण समोरच्या टीममधला मागच्या जिन्यावरून येतोय हे न कळण्याचं कारण ती चिप नसते.

आता माझे सात हजार. डोंबिवलीत जुन्या सोसायटीत राहायला आलो, नवीन पीसी लावला, टू पॉइंट वन स्पीकर लावले, आणि चालू केल्या केल्या घूंऽऽऽ. गाणं चालू असलं की दबायचा, रात्री शांतता असली की डोकं उठायचं. त्यात हेडफोन पुढच्या जॅकला लावला की वेगळीच खरखर, आणि गंमत म्हणजे गेमच्या मेन्यूत गेलं की ती वाढायची, माउसचं चाक फिरवलं की किर्र किर्र बदलायची. मी ठरवून टाकलं की ऑनबोर्ड साउंड भिकार आहे. शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो, पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड आणलं, लाल लाइटवालं. रात्री अकराला बसवलं, ड्रायव्हर टाकले, स्पीकर चालू केले. घूंऽऽऽ. तोच, तस्सा.

हेडफोनची खरखर मात्र गेली होती, म्हणून दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो. तिसऱ्या दिवशी कॅबिनेटच्या मागे वायर नीट करायला हात घातला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. आणि हात लागलेला असेपर्यंत स्पीकरमधला तो घूं बदलत होता! टेस्टर आणून कॅबिनेटच्या स्क्रूला लावला तर आतला दिवा मंद लाल. वायरमनला बोलावलं, त्याने भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, मला बॅटरी धरायला लावली आणि म्हणाला, "साहेब, हे बघा." तीन पिनांचा सॉकेट, वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. म्हणजे अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं. पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कॅपॅसिटर असतात, ते थोडीशी वीज कॅबिनेटवर सोडत असतात, ती अर्थिंगने जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसेल तर ती दुसरी वाट शोधते आणि माझ्याकडे ती वाट होती स्पीकरची वायर. वायरमनने मेन बोर्डापासून हिरवी वायर ओढली, साडेचारशे रुपये घेतले, घूं बंद. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

मग हेडफोनच्या खरखरीचं काय? तर मी कार्ड काढलं आणि हेडफोन पुढच्या जॅकऐवजी मदरबोर्डच्या मागच्या हिरव्या जॅकला लावला. खरखर गायब. पुढच्या जॅकची ती बारीक वायर ग्राफिक कार्डच्या अगदी पोटाखालून गेलेली होती आणि ग्राफिक कार्ड जोरात चाललं की त्याचा सगळा कचरा ती वायर उचलत होती. म्हणून मेन्यूत आवाज वाढायचा, तिथे फ्रेम सुसाट पळतात ना. दोन मीटरची एक्स्टेन्शन वायर घेतली, दीडशे रुपये. म्हणजे दोन्ही दुखण्यांवर सहाशे रुपयांत इलाज होता आणि मी सात हजारांचं कार्ड लावून बसलो होतो.

त्यामुळे आता कुणी विचारलं की मी आधी हे दोन उद्योग करायला लावतो. एवढं करूनही मागच्या जॅकला खरखर येत असेल, तर मग बाहेरचा यूएसबी डॅक घ्या, म्हणजे आकड्यांची वीज करायचं तेच काम बाहेर बसून करणारी डबी, कॅबिनेटच्या आत बसणारं कार्ड नको. एक तर तो कॅबिनेटमधल्या गोंगाटापासून लांब असतो, उद्या लॅपटॉपला लागतो, आणि दुसरं म्हणजे हल्लीची ग्राफिक कार्डं इतकी जाडजूड आहेत की तीन स्लॉट तीच खातात. भाच्याच्या एका मित्राने ऐन सेलमध्ये साउंड कार्ड मागवलं आणि बसवायला गेला तर एकुलता एक छोटा स्लॉट ग्राफिक कार्डच्या पंख्याखाली गाडला गेलेला. दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर मला टॉर्च मारून दाखवत होता, "दादा थोडं वाकवून बसेल का?"

बाकी हेडफोन चालवायला जड असेल, म्हणजे २५० किंवा ३०० ओहमचा स्टुडिओवाला, तर अ‍ॅम्प असलेला डॅक लागतो, नाहीतर आवाज फुल करूनही तो हळूच बोलतो. पण गेमिंग हेडसेट बहुतेक ३२ ओहमच्या आसपास असतात, त्यांना मदरबोर्ड पुरतो. आणि हेडसेट यूएसबी असेल किंवा वायरलेस डाँगलवाला, तर विषयच संपला, त्याचं साउंड कार्ड त्याच्या पोटातच असतं, तुम्ही हजारो रुपयांचं कार्ड लावलंत तरी आवाज त्यातून जाणारच नाही. हे न कळता कार्ड घेतलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत, नावं घेत नाही, एक तर नातेवाईकच आहे.

आणि ते हेडसेटच्या बॉक्सवरचं सेव्हन पॉइंट वन, म्हणजे चहूबाजूंनी आठ स्पीकर असल्याचा आभास. अहो, हेडफोनला बाजू दोन, कान दोन. एका कानाला आवाज आधी आणि दुसऱ्याला उशिरा पोचतो, तो फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाएवढा, तेवढ्यावर मेंदू डावं-उजवं ठरवतो आणि पुढचं-मागचं कानाच्या पाळीच्या आकारावरून. हाच हिशोब गेम स्वतः करतो, व्हॅलरंट या गेमच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ म्हणून आहे बघा. तो चालू ठेवायचा आणि बाकी सगळं, हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं सेव्हन पॉइंट वन, विंडोजचं स्पेशियल साउंड, बंद करून साधं स्टिरिओ ठेवायचं. दोन्ही चालू ठेवलं की हिशोबावर हिशोब होतो आणि पावलं विहिरीतून आल्यासारखी वाटतात. याला एक रुपया लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही.

पैसे उरलेच असतील तर चांगल्या हेडफोनवर घाला, आणि टीममधले "तुझा आवाज डब्यातून येतोय" म्हणत असतील तर यूएसबी माइकवर.

माझं ते लाल लाइटवालं कार्ड अजून कपाटात आहे, चंदेरी पिशवीत, बिलासकट. त्याला मागे ऑप्टिकल आउट आहे, जुन्या होम थिएटरला जोडायला कुणाला लागत असेल तर डोंबिवलीला येऊन घेऊन जा. फक्त येण्याआधी स्लॉट मोकळा आहे का ते बघा.