गेर, सराफा, राजवाडा: रोल कुठे, डिजिटल कुठे

फिल्म चांगली की डिजिटल, असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. काय टिपायचंय, उजेड कसा आहे आणि फोटो चुकला तर तो क्षण पुन्हा मिळणार का, एवढं आधी ठरवा. आपल्या इंदूरमध्येच पाहा ना.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रस्त्यातून रंग उधळत जाणारी मिरवणूक, डिजिटलचीच. टँकरचं पाणी, तोफांतून उडणारा गुलाल आणि ढकलाढकली चालू असताना 36 फोटोंनंतर रोल बदलायचा, म्हणजे कॅमेऱ्याची पाठ उघडावी लागणार. गुलालाचा एखादा कण प्रेशर प्लेटवर (फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या पट्टीवर) बसला की पुढच्या प्रत्येक फ्रेमवर आडवा, लांब ओरखडा उमटतो. डिजिटलमध्ये कार्ड मोठं असेल तर काहीच उघडावं लागत नाही. फक्त लेन्स रस्त्यात बदलू नका. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्सही टाळा, ती लांबताना बाहेरची हवा आणि तिच्याबरोबर रंग आत ओढते. 35 मिमीची एकच फिक्स लेन्स, पुढे यूव्ही फिल्टर, अंगावर पारदर्शक पिशवी, आणि पिशवीचं तोंड हूडवर (लेन्सच्या पुढच्या कड्यावर) रबरबँडने घट्ट. शटर 1/1000 सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर. घरी आल्यावर लगेच कापडाने पुसू नका. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग मऊ ब्रश, कापड शेवटी. कोरडा रंग घासलात तर काचेचं कोटिंग गेलंच म्हणा.

सराफ्यातली, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातली, रात्रही डिजिटलचीच, पण तिथे वेगळा सापळा आहे. शांततेच्या मोहाने इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की फोटोत काळे आडवे पट्टे येतात. कारण आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे एलईडी सेकंदाला 100 वेळा उजळतात-मंदावतात, आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. मेकॅनिकल शटर आणि 1/100 किंवा 1/50 एवढं ठेवलं की बहुतेक दिव्यांखाली काम भागतं. जिलेबीच्या कढईमागचा हलवाई 1/100 ला पुरेसा स्थिर येतो. त्याचा झारा मात्र थोडा हलणार, आणि तो हललेलाच छान दिसतो. आयएसओ 3200 ते 6400 सहज चालतो. हेच आयएसओ 400 च्या रंगीत रोलवर करायला गेलात तर सावल्यांत काहीच उतरत नाही, वर एलईडीचा हिरवट रंग चेहऱ्यांवर चढतो.

मग रोल कशासाठी? दुपारच्या कडक उन्हासाठी. राजवाड्याचे वरचे लाकडी मजले झळाळतात आणि खालच्या दगडी कमानीत अंधार असतो. डिजिटलमध्ये झळाळता भाग एकदा उडाला की परत येत नाही, म्हणून तिथे उजेडाला धरून मोजायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. फिल्मच्या निगेटिव्हचं गणित उलटं. तिला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड चालतो, एक स्टॉप कमी झाला की मात्र सावलीचा राखाडी चिखल होतो. म्हणून 400 चा रोल उजेड मोजायच्या मीटरवर 200 ला लावा, सावलीकडे बघून मोजा आणि धुवायला मात्र नेहमीसारखाच द्या. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरचं (होळकरांच्या स्मारकांवरचं) कोरीवकाम किंवा घरच्या मंडळींचे अंगणातले फोटो, जिथे घाई नाही, तिथे कृष्णधवल रोलसारखी मजा नाही. मात्र ट्रायपॉड लावून संध्याकाळी लांब एक्स्पोजर देणार असाल तर सांभाळा. एचपी5 प्लस या 400 च्या कृष्णधवल रोलला मीटरने 10 सेकंद दाखवले तर प्रत्यक्षात 20 द्यावे लागतात.

कृष्णधवल रोल घरी धुणार असाल तर इथला उन्हाळा आडवा येतो. डी-76 हे डेव्हलपर पाण्यात एकास एक पातळ केलं तर 20 अंशांना एचपी5 ला 11 मिनिटं लागतात. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या वर असतं, तेव्हा वेळ इतका आखडतो की फिल्मवर डाग-पट्टे पडू शकतात. बादलीत बर्फ घालून डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायचं पाणी तिन्ही 24 अंशांवर आणा, वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास धरा. बर्फ थेट रसायनात टाकू नका, बाटल्या बादलीत उभ्या करा.

जुना फिल्म कॅमेरा घेताना पाठ उघडून 1 सेकंदाला शटर दाबा. आवाज मध्येच अडखळला तर वंगण वाळलेलं आहे. दारावरचा फोम बोटाला चिकट लागला तर उजेड आत शिरणार. तो फोम बदलता येतो, पण किंमत आधी कमी करून घ्या. आणि रोल भरल्यावर रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळायची) कळ हलकेच फिरवून ढिलाई काढा. पुढची फ्रेम ओढताना ती कळ फिरत नसेल तर फिल्म स्पूलवर बसलेलीच नाही. तिथेच पाठ उघडून पुन्हा भरा, वाया गेलीच तर सुरुवातीची दोन-चार इंच जाईल.