पेंगलिपुरान : वाव आणि हात मोजून बांधलेली घरं

पहिल्या दिवशी बाली बेटावरच्या उबुडहून अकराच्या सुमारास पेंगलिपुरान या गावी पोहोचलो आणि गाव नीट दिसलंच नाही, दिसले ते फोटो काढणारे लोक. मग तिथल्याच एका घरी मुक्काम केला. जाणार असाल तर हे नक्की करा. सकाळी सातला फरसबंदी रस्त्यावर फक्त झाडूचा आवाज होता. वाहनांना इथे बंदीच आहे.

रस्ता पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. वरच्या टोकाला मंदिर, खालच्या टोकाला स्मशान. दिशांचा हिशोबही डोंगरावरून : 'काजा' म्हणजे डोंगराकडे, 'केलोद' म्हणजे समुद्राकडे. त्यामुळे दक्षिण बालीतला काजा उत्तरेला, तर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तोच दक्षिणेला!

यजमानांचं स्वयंपाकघर मात्र मी विसरणार नाही. बांबूच्या विणलेल्या भिंती, वर बांबूच्याच फाकांचं छप्पर, आतून काजळीने काळंभोर. आजींनी चूल पेटवली तसा धूर फटींमधून हळूहळू वर निघून गेला. याच धुराने बांबूला कीड लागत नाही. गॅस आला आणि चूल विझली की छप्पर लवकर पोखरतं, हे आपल्याकडच्या जुन्या घरांतही पाहिलंय.

घराची मापं घरमालकाच्या अंगावरून घेतात. 'देपा' म्हणजे आपली वाव, दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी; 'हस्ता' म्हणजे हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. 'उंडागी', म्हणजे पारंपरिक स्थपती, ती मोजून घर आखतो. म्हणूनच काँक्रीटच्या व्हिलाला कोरीव दार बसवलं तरी ते बाली घर होत नाही, असं मला ठामपणे वाटतं. 1966 साली बालीच्या किनाऱ्यावरच्या सानुरला दहा मजली हॉटेल उभं राहिलं, त्यानंतर नारळाच्या झाडाहून उंच, म्हणजे साधारण 15 मीटरच्या वर, बांधायचं नाही असा नियम आला. उंची आवरली, पण भातखाचरं बुजवून आडव्या पसरणाऱ्या व्हिला त्याने थांबत नाहीत. म्हणून राहायचे पैसे गावातल्या घरांना मिळू द्या.

परदेशी पर्यटकांसाठीचा दीड लाख रुपियाचा (इंडोनेशियाचं चलन) कर निघण्याआधीच ऑनलाइन भरा. मंदिरासाठी सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं वस्त्र, आणि कमरेचा पट्टा लागतो. अंगणाच्या ईशान्येला कुलदेवतांची देवळं असतात, तिकडे विचारल्याशिवाय जाऊ नका. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी पिशवी न्या. आणि निघताना एखाद्या दारात 'लोलोह चेमचेम' मागा : हिरवं, आंबट-तिखट पाल्याचं सरबत, थंडगार.