तिनेच मारलं का? तुम्ही विचारलंत म्हणून...

‘रिटन ऑन द विंड’ हा हॉलिवूडचा जुना सिनेमा, एका खऱ्या श्रीमंत तरुणाच्या मृत्यूवरून सुचलेला; तो कुणालाही दाखवला की नंतरचा प्रश्न ठरलेला असतो. दिग्दर्शक डग्लस सर्कचे रंग नाहीत, आरसे नाहीत, नटी डोरोथी मलोन नाही, तर “पण खरं काय झालं होतं हो, बायकोनेच मारलं ना त्याला?” इतकी वर्षं हसून टाळलं, आता काय ते एकदा लिहूनच टाकते.

मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. जुलै १९३२, नॉर्थ कॅरोलायनातली रेनॉल्डा इस्टेट, पार्टीची रात्र, सिगारेटवाल्या रेनॉल्ड्स घराण्यातला २० वर्षांचा स्मिथ आणि डोक्यात गोळी. बायको लिबी होलमन, ब्रॉडवेची गायिका, ज्यू घरातली, नवऱ्याहून सात वर्षांनी मोठी आणि तेव्हा गरोदर. त्या रात्रीचं फारसं काही आठवत नाही म्हणाली. तिच्यावर आणि स्मिथच्या मित्रावर खुनाचा आरोप ठेवला, मग सासरच्यांनीच नको म्हटल्यावर केस मागे घेतली. म्हणजे शिक्षा नाही आणि निर्दोष सुटकाही नाही. बस, यापुढे जे काही ऐकाल त्या गप्पा.

आता मागच्या वेळचं सांगते, कारण खरा राग त्याचा आहे. घरीच सात-आठ जण जमलो होतो. सिनेमा संपला, मी मॅम्बो नाचाच्या सीनबद्दल बोलायला तोंड उघडतेय, वर श्रीमंत नवऱ्याची बहीण मेरीली, म्हणजे मलोन, बेभान नाचतेय आणि खाली म्हातारा बाप जिन्यावरून कोसळतोय, हे एकमेकांत कसं कापलंय बघा म्हणून, तर सगळ्यांच्या हातात फोन. लिबीचे फोटो शोधून झाले, तिचे बायकांशीही संबंध होते हे मोठ्याने वाचून झालं, आणि एक जण, चांगला शिकलेला माणूस हं, चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “अशी बाई म्हणजे पैशासाठीच केलं असणार.” कुणी काही बोललं नाही. दोघीतिघी तर हसल्या. मी एकदम चढ्या आवाजात काहीतरी बोलले, काय ते नीट आठवत नाही, पण त्यानंतर कुणी फार वेळ थांबलं नाही. त्यातली एक मैत्रीण अजून माझ्याशी तुटकच बोलते. असू दे.

त्या रात्री भांडी घासताना मनात आलं की एवढी चिडलेय ती नक्की कुणाची बाजू घेऊन? आधी मी छातीठोक सांगायचे की सर्कने १९५६ साली लिबीला न्याय दिला. तंबाखूचं तेल केलं, नॉर्थ कॅरोलायनाचं टेक्सास केलं, पण बायको, म्हणजे ल्युसी, निर्दोष ठेवली, चौकशीत आळ येतो तो नवऱ्याच्या मित्रावर, मिचवर, आणि नणंद शेवटी खरं बोलते, झटापटीत बंदूक उडाली म्हणते, सुटला मिच. लिबीच्या बाजूने असं ठामपणे कोण बोललं? पण ही ल्युसी आहे कोण? लॉरेन बकॉल, ऑफिसात काम करणारी, सरळ, नीटनेटकी. गाणं नाही, रंगेलपणा नाही, लिबीचं काहीच नाही. तो सगळा माल उचलून नणंदेच्या, मेरीलीच्या अंगावर घातलाय. म्हणजे बायकोला माफी, पण ती लिबी नसेल तरच. आमच्याकडचा तो कपवाला तरी वेगळं काय म्हणत होता?

तरीही सिनेमा ग्रेटच आहे, भडक म्हणा, रडका म्हणा, मला फरक पडत नाही. त्या काळी स्टुडिओला उघड यापेक्षा जास्त दाखवता आलंच नसतं, हे माझं जुनं उत्तर अजून तयार आहे. ते मला पटतं का? अर्धं. कारण सर्कचा कॅमेरा ल्युसीवर रेंगाळतच नाही हो, तो सारखा मेरीलीकडे धावतो, आणि ऑस्कर मिळालं तेही मलोनलाच. हे त्याने मुद्दाम केलं की नुसतं झालं, यावर मी स्वतःशीच दर वेळी नव्याने भांडते.

तेव्हा पुढच्या वेळी विचारायचंच असेल तर मेरीलीबद्दल विचारा. चहा मी करते, फोन तेवढे बाहेरच्या खोलीत ठेवा.