डेटाबेस कनेक्शन तपासणारं मॉड्यूल लिहिताना

जावाचं ॲप्लिकेशन मॉड्यूलमध्ये विभागलं की ‘डेटाबेसशी कनेक्शन जुळतंय का’ हे बघायला एक वेगळं टेस्ट मॉड्यूल येतंच. बहुतेक ठिकाणी ते स्वतःचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) सोबत घेऊन फिरतं, आणि गडबड तिथेच सुरू होते. जावाचा ड्रायव्हरमॅनेजर ड्रायव्हर देताना बोलावणाऱ्या कोडचा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) बघतो. त्यामुळे ओएसजीआयमध्ये (जावाची मॉड्यूल वेगवेगळी ठेवून चालवणारी व्यवस्था) टेस्ट मॉड्यूलला ड्रायव्हर दिसतो आणि टेस्ट हिरवी होते, पण शेजारच्या बंडलमध्ये, म्हणजे मॉड्यूलमध्ये, ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ येत राहतं. टेस्ट मॉड्यूलने स्वतः कनेक्शन जुळवूच नये. ॲप्लिकेशन जो डेटासोर्स (कनेक्शन काढून देणारा ऑब्जेक्ट) वापरतं तोच सर्व्हिस म्हणून मागून घ्यावा. ओएसजीआयमध्ये डेटासोर्सफॅक्टरी आहे ती याचसाठी.

दुसरी गोष्ट, निकाल टप्प्याटप्प्याने द्यावा. आधी होस्टनेमचा आयपी मिळतो का बघा, मग साधं टीसीपी सॉकेट उघडा (पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६, ओरॅकल १५२१). ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर बहुधा मशीन जागेवर आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. पोस्टग्रेसचं ‘लिसन_ॲड्रेसेस’ मुळात लोकलहोस्टपुरतंच असतं, ते आधी बघावं. काहीच उत्तर न येता टाइमआउट झाला तर फायरवॉल पॅकेट गिळतोय अशी शंका घ्यावी. हे दोन्ही एकाच ‘फेल’मध्ये कोंबलं की चुकीच्या माणसाला रात्री फोन जातो.

लॉगिनच्या टप्प्यावर एररचा मजकूर वाचू नका, तो सर्व्हरच्या भाषेप्रमाणे बदलतो. एसक्यूएलस्टेट, म्हणजे एररचा ठरलेला पाच अक्षरी कोड, बघा. पोस्टग्रेसमध्ये २८पी०१ म्हणजे पासवर्ड चुकला, ३डी००० म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही, ५३३०० म्हणजे कनेक्शनची मर्यादा संपली, ५७पी०३ म्हणजे सर्व्हर अजून उठतोय. यातल्या शेवटच्या दोघांवरच थोडं थांबून परत प्रयत्न करावा. चुकीच्या पासवर्डवर रिट्राय लावणं तर घातक: ओरॅकलच्या डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं, आणि मग चालू असलेली बाकीची मॉड्यूलही नवीन कनेक्शन घेताना अडकतात.

‘सिलेक्ट १’ ही सगळ्यात साधी क्वेरी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. फेलओव्हरनंतर (मुख्य सर्व्हरचं काम दुसऱ्याकडे गेल्यावर) ॲप्लिकेशन स्टँडबायला, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या राखीव सर्व्हरला, चिकटून राहिलं, तर ‘सिलेक्ट १’ आरामात चालतं आणि पहिल्याच इन्सर्टला २५००६ (इथे लिहिता येत नाही) येतो. पोस्टग्रेस असेल तर ‘पीजी_इज_इन_रिकव्हरी’ हे सर्व्हर स्टँडबाय आहे का ते सांगणारं फंक्शन याच टेस्टमध्ये बोलवा. लिहिणाऱ्या मॉड्यूलसाठी उत्तर ‘फॉल्स’च यायला हवं.

टाइमआउटकडे फार कमी लोक लक्ष देतात. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत) ड्रायव्हरमध्ये सॉकेटटाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, मुळात ० असतो, म्हणजे मर्यादाच नाही. नेटवर्क मधेच तुटलं तर टेस्ट कितीतरी वेळ लटकून राहते. कनेक्शन जिवंत आहे का बघणाऱ्या ‘इझव्हॅलिड’ला दिलेला आकडा सेकंदांत असतो. मिलिसेकंद समजून ३००० दिलेत तर ती ५० मिनिटांची सवलत झाली! तिथे २ किंवा ३ पुरतात.

हिकारी पूल (उघडलेली कनेक्शन साठवून परत परत वापरायला देणारी लायब्ररी) वापरत असाल तर एक हिशेब घालून ठेवा. पूलमध्ये मुळात १० कनेक्शन, आणि रिकामं कनेक्शन मिळेपर्यंत थांबायची मुदत ३० सेकंद. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसचा प्रोब (ॲप्लिकेशन ठीक आहे का ते ठरावीक वेळाने बघणारी तपासणी) मात्र ठरवून दिलं नाही तर १ सेकंदात हात टेकतो. म्हणजे डेटाबेस ठणठणीत असताना, फक्त पूल भरलाय म्हणून, टेस्ट लाल होते. म्हणून दोन तपासण्या ठेवाव्यात, एक पूलमधून आणि एक पूलला वगळून त्याच ड्रायव्हरने उघडलेल्या ताज्या कनेक्शनवर. पहिली पडली आणि दुसरी पास झाली तर डेटाबेसला दोष देण्याआधी कुठलं मॉड्यूल कनेक्शन परत करत नाही ते शोधा. हिकारीचा लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड लावला की कनेक्शन घेतलं त्या जागेचा स्टॅकट्रेस लॉगमध्ये मिळतो.

ही टेस्ट रेडिनेस प्रोबला (पडला तर फक्त ट्रॅफिक थांबतो) जोडावी, लाइव्हनेसला (पडला तर कंटेनर रीस्टार्ट होतो) कधीच नाही. नाहीतर डेटाबेस थोडा वेळ बंद पडला की सगळे कंटेनर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतात, आणि डेटाबेस परत आल्यावर त्याच्यावर एकदमच लॉगिनची झुंबड उडते. आणि निकालात जेडीबीसी यूआरएल जशीच्या तशी छापू नका. पासवर्ड पॅरामीटर म्हणून त्यातच लिहिलेला असू शकतो. होस्ट, पोर्ट, डेटाबेसचं नाव, टप्पा, एसक्यूएलस्टेट आणि लागलेले मिलिसेकंद एवढं छापलं की पुरतं.