मानकापूरची सकाळ

आज पहाटे भाच्याला घेऊन नागपुरातल्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात गेलो होतो. प्रमाणित धावपट्टीवर दोन्ही वळणांत बाहेरच्या धावपटूला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून 400 मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या मार्गिकेची सुरुवात 7.04 मीटर पुढे आखलेली असते, हे त्याला समजावताना माझाच गोंधळ उडाला आणि मामाचा रुबाब तिथेच उतरला. या धावपट्टीच्या सरळ बाजू 84.39 मीटरच्या असतात. त्यामुळे आत 105 बाय 68 मीटरचे फुटबॉल मैदान आखले की त्याचे कोपरे वळणात शिरतात आणि कॉर्नर घेणाऱ्याच्या मागे जेमतेम एक मीटर जागा उरते. घरी आल्यावर भाच्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावर धावपट्टीच्या रबराचे दोन कण चिकटलेले दिसले. ताईने ते ओल्या फडक्याने, माझ्याकडे रोखून पाहत, टिपले.